पगार मोठा, पण हमी किती?

बारावी सायन्सचे निकाल लागले की घराघरांत एक विषय हमखास निघतो. मुलाला किंवा मुलीला गणित आणि भौतिकशास्त्र बरं जमत असेल तर मामू-चाचूंपैकी कुणीतरी म्हणतंच, "पायलट करा की. लाखांत पगार असतो." त्यापुढचा प्रश्नही ठरलेला असतो. जास्त कुठे मिळतं? इंडिगोत, एअर इंडियात, की सरळ आखातात? मग मोबाइलवर आकडे शोधले जातात. नव्या फर्स्ट ऑफिसरला या कंपनीत एवढे, कॅप्टनला त्या कंपनीत तेवढे. चर्चा आकड्यावर सुरू होते आणि आकड्यावरच संपते.

विमान कंपन्यांच्या पगारांची अशी तुलना फसवी असते, असं माझं मत आहे. महिन्याच्या आकड्याखाली तीन गोष्टी दडलेल्या असतात. पगारातला किती भाग हमीचा आहे? विश्रांती किती मिळते? आणि नोकरी सोडायची मोकळीक किती आहे? गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या देशात विमान कंपन्या आणि पायलट यांच्यात जे मोठे तंटे झाले, ते याच तीन प्रश्नांवरून झाले. त्या बातम्या आपल्यापैकी बऱ्याच जणांनी 'लाखो रुपये घेणाऱ्यांचे नखरे' म्हणून वाचल्या आणि सोडून दिल्या. त्या पुन्हा नीट वाचायला हव्यात. आपली मुलं या क्षेत्रात जाऊ पाहतात म्हणून, आणि हीच पद्धत उद्या आपल्याही नोकरीत येऊ शकते म्हणूनही.

तासांचं गणित

पायलटचा पगार शाळेतल्या मास्तरांच्या पगारासारखा नसतो. मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता असा सरळ हिशेब तिथे नाही. साधारणपणे एक ठरलेली रक्कम असते आणि तिच्यावर उड्डाणाच्या तासांचे पैसे. उड्डाणाचा वेळ म्हणजे विमान जागेवरून हललं तिथपासून पुढच्या विमानतळावर पोहोचून उभं राहीपर्यंतचा वेळ. त्याआधी पायलट हजर झालेला असतो, हवामान आणि इंधनाचे कागद त्याने तपासलेले असतात. दोन उड्डाणांच्या मधे तो विमानतळावर बसून असतो. हा सगळा वेळ ड्यूटीत मोजला जातो, उड्डाणाच्या तासांत मोजला जात नाही. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या आपल्याकडच्या शेकडो शिक्षकांना हे समजावून सांगायला नको. वर्गात उभं राहिलं ती तासिका धरली जाते, पेपर तपासण्यात गेलेली रात्र धरली जात नाही.

इथेच हमीच्या तासांचा प्रश्न येतो. कंपनी सांगते, महिन्यात तुम्ही कमी उडालात तरी अमुक इतक्या तासांचे पैसे आम्ही देऊच. हा 'अमुक' आकडा ७० आहे की ४०, यावर सगळा खेळ आहे.

एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. समजा पहिली कंपनी तासाला ३,००० रुपये देते आणि ७० तासांची हमी देते. दुसरी तासाला ४,००० रुपये देते, पण हमी ४० तासांचीच. जाहिरातीत दुसरी कंपनी उठून दिसेल. महिन्याला ७५ तास उड्डाण झालं तर पहिलीत २ लाख २५ हजार मिळतील आणि दुसरीत ३ लाख. पण महिना मंदा गेला आणि ४५ तासच मिळाले तर पहिलीत २ लाख १० हजार, दुसरीत १ लाख ८० हजार. उड्डाण ४० तासांच्याही खाली गेलं तर पहिलीत तेच २ लाख १० हजार आणि दुसरीत १ लाख ६० हजार. साडेबावन्न तासांच्या वर दुसरी कंपनी चांगली, खाली पहिली.

आता तास किती मिळणार हे कोण ठरवतं? पायलट ठरवत नाही. ते कंपनीचं रोस्टर ठरवतं. विमानं जमिनीवर उभी राहिली तर तास घटतात. २०२३ आणि २०२४ मध्ये प्रॅट अँड व्हिटनी कंपनीच्या इंजिनांमधल्या दोषामुळे इंडिगोची डझनावारी विमानं उभी होती. गो फर्स्टने तर याच इंजिनांकडे बोट दाखवत मे २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. पायलट नव्या विमानाच्या प्रशिक्षणाला गेला, आजारी पडला, वैद्यकीय तपासणीत काही महिन्यांसाठी अपात्र ठरला, की तास घटतातच. मुलींच्या बाबतीत हे आणखी महत्त्वाचं. भारतात महिला पायलटांचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास आहे, जगाच्या सरासरीहून कितीतरी जास्त. गरोदरपणात बराच काळ विमान चालवता येत नाही. त्या काळात घर चालतं ते पगाराच्या ठरलेल्या भागावरच.

दोन कंपन्या, एक मालक, दोन पगार

हा हिशेब कागदावरचा वाटत असेल तर एअर इंडिया आणि विस्ताराचं उदाहरण बघा. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया सरकारकडून टाटा समूहाकडे आली. विस्तारामध्ये टाटांचा ५१ टक्के आणि सिंगापूर एअरलाइन्सचा ४९ टक्के वाटा होता. म्हणजे दोन्ही कंपन्या एकाच घरच्या आणि तरीही काही वर्षं एकमेकींच्या स्पर्धक.

एप्रिल २०२३ मध्ये एअर इंडियाने पायलटांसाठी नवी वेतनरचना आणली. हमीचे तास ७० वरून ४० वर आले. इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन आणि इंडियन पायलट्स गिल्ड या दोन जुन्या संघटनांनी विरोध केला. हजाराहून अधिक पायलटांनी सह्या करून रतन टाटांकडे दाद मागितली. त्यांचा आणखी एक आक्षेप होता. ठरावीक वर्षांनंतर कॅप्टनला 'व्यवस्थापना'च्या वर्गात टाकण्याची तरतूद नव्या रचनेत होती. व्यवस्थापनात गेलेला माणूस कामगार राहत नाही आणि कामगार नसलेल्याला संघटनेचं छत्र राहत नाही. हुद्दा वाढतो आणि आवाज जातो, असा हा प्रकार.

वर्षभराने तीच रचना विस्ताराच्या पायलटांपुढे ठेवण्यात आली, कारण दोन्ही कंपन्या एक होणार होत्या. तिथेही ७० चे ४० झाले. मोठा फटका बसणार होता तो तरुण फर्स्ट ऑफिसरांना. मार्चचा शेवट आणि एप्रिल २०२४ ची सुरुवात, या काळात पायलट उपलब्ध नसल्यामुळे विस्ताराची शंभराहून अधिक उड्डाणं रद्द झाली. सरकारने अहवाल मागवला. कंपनीने रोजची २५ ते ३० उड्डाणं कमी केली, म्हणजे जवळपास दहा टक्के. १२ नोव्हेंबर २०२४ ला विलीनीकरण पूर्ण झालं आणि विस्तारा हे नाव संपलं. तेव्हा निवृत्तीच्या वयातही फरक होता. विस्तारात ६०, एअर इंडियात ५८. ऑगस्ट २०२५ मध्ये एअर इंडियाने पायलटांसाठी ते ६५ केलं.

हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या तेव्हाही एका छताखाली दोन वेतनश्रेणी आल्या. समान कामाला समान पगार मागत २०११ मध्ये पायलटांनी संप केला. २०१२ मध्ये दुसऱ्या गटाचा ५८ दिवसांचा संप झाला. तिढा सोडवायला न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमावी लागली. कंपन्या एक करताना विमानांचे रंग बदलणं सोपं असतं. दोन प्रकारच्या कबुलीनाम्यांवर कामाला लागलेली माणसं एक करणं अवघड असतं.

अजीर-ए-खास

आपल्या फिक्हच्या किताबांत 'इजारा' म्हणजे भाड्याने किंवा मजुरीने काम घेण्याचा स्वतंत्र बाब आहे. त्यातला मूळ नियम साधा आहे. काम काय आणि उजरत किती, हे दोन्ही आधी मालूम असलं पाहिजे. संदिग्ध राहिलं तर करारात खोट राहते.

तासाचा दर ठरलेला आहे म्हणजे उजरत मालूम आहे, असं कुणी म्हणेल. पण फुकहांनी इथे एक बारीक फरक केला आहे. मजूर दोन प्रकारचे. एक 'अजीर-ए-मुश्तरक', म्हणजे अनेकांचं काम घेणारा. शिंपी, धोबी, रंगारी. त्याला कामागणिक पैसे मिळतात, कारण एका गिऱ्हाइकाने काम दिलं नाही तर दुसरं गिऱ्हाइक आहे. दुसरा 'अजीर-ए-खास', म्हणजे ठरलेल्या मुदतीसाठी एकाच मालकाचा. त्याने स्वतःला कामासाठी हजर केलं की तो उजरतीचा हकदार झाला, मग मालकाने त्या वेळात काम दिलं असो वा नसो. घरगड्याला किंवा गुराख्याला दिवसभर बसवून ठेवलं आणि संध्याकाळी 'आज कामच नव्हतं' म्हणून रिकाम्या हाताने परत पाठवलं, असं करता येत नाही.

पायलट कोण? तो एका कंपनीचा गणवेश घालतो. मोकळा वेळ मिळाला म्हणून दुसऱ्या कंपनीचं विमान उडवू शकत नाही. रोस्टर सांगेल त्या पहाटे तो हजर असतो. तो अजीर-ए-खास आहे. मग पगार मात्र शिंप्यासारखा नगावर का? ७० तासांची हमी हा जुना नियम मानणारा करार होता. ४० तासांची हमी म्हणजे धंद्यातल्या मंदीचा बोजा मालकाच्या खांद्यावरून नोकराच्या खांद्यावर सरकवणं. जास्त उडणाऱ्याला जास्त मिळावं हे कंपनीचं म्हणणं चुकीचं नाही. पण त्यासाठी वरच्या तासांचा दर वाढवता येतो, खालची हमी कापायची गरज नसते.

हमीचं मोल कोरोनात कळलं. २०२० मध्ये एअर इंडियाने पायलटांचं मूळ वेतन तसंच ठेवलं आणि उड्डाण भत्ते ४० टक्क्यांनी कापले. ऐकायला सौम्य वाटतं. पण त्यांच्या कमाईचा मोठा भाग भत्त्यांतच होता. आखातात राहून आलेल्या आपल्या माणसांना 'बेसिक' आणि 'अलाउन्स' यांतला फरक पक्का ठाऊक आहे. संयुक्त अरब अमिरातीत नोकरीअखेरची ग्रॅच्युइटी मोजतात ती बेसिकवर. पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचं बेसिक, पुढे ३० दिवसांचं. बेसिक छोटं ठेवून भत्ते फुगवले तर हातात येताना पगार मोठा दिसतो आणि परत येताना थैली हलकी लागते.

अमेरिकेत स्पर्धा कुणाच्या कामी आली?

कंपन्यांमध्ये स्पर्धा असली की पगार आपोआप वाढतात असं अर्थशास्त्राच्या पुस्तकात असतं. अमेरिकेत २०२३ मध्ये ते खरंच झालं, पण आपोआप झालं नाही.

मार्च २०२३ मध्ये डेल्टाच्या पायलटांनी चार वर्षांत ३४ टक्के वाढ देणारा करार मंजूर केला. त्यात एक कलम असं की डेल्टाचा दर युनायटेड आणि अमेरिकन या स्पर्धकांपेक्षा किमान एक टक्का वरच राहील. नंतर अमेरिकन एअरलाइन्सने आपल्या पायलटांशी बोलणी उरकत आणली. तेवढ्यात जुलैत युनायटेडने त्याहून चांगला प्रस्ताव जाहीर केला. अमेरिकनच्या पायलटांनी सांगितलं, मग आमचाही कागद बदला. कंपनीला आधीच्या प्रस्तावात एक अब्ज डॉलरहून जास्त भर घालावी लागली आणि ऑगस्टमध्ये करार मंजूर झाला. सप्टेंबरमध्ये युनायटेडचा झाला, ४० टक्क्यांपर्यंत वाढीचा. जानेवारी २०२४ मध्ये साउथवेस्टचा झाला, २०२८ पर्यंत सुमारे ५० टक्क्यांचा.

इथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी की अमेरिकेत एकटा पायलट चांगल्या पगारासाठी सहजी कंपनी बदलत नाही. नव्या कंपनीत त्याची ज्येष्ठता शून्यापासून सुरू होते आणि तिथे विमान, मार्ग, सुट्टी, सगळं ज्येष्ठतेवर ठरतं. मग स्पर्धेचा दबाव आला कुठून? संघटनांकडून. तुलना करायचं काम प्रत्येक पायलटने घरी बसून केलं नाही. ते संघटनेने केलं, शेजारच्या कंपनीचा कागद टेबलावर ठेवून केलं आणि सगळ्यांच्या वतीने केलं.

आपल्याकडे या दोन्ही वाटा अरुंद आहेत. देशांतर्गत प्रवाशांपैकी ६० टक्क्यांहून अधिक एकट्या इंडिगोकडे आहेत आणि उरलेल्यांतला मोठा हिस्सा टाटांच्या कंपन्यांकडे. मोठे मालक दोनच असले की भावाची घासाघीस फारशी उरत नाही. फेडरेशन ऑफ इंडियन पायलट्ससारख्या संघटना बोलतात, कोर्टात जातात. पण अमेरिकेसारखं समोरासमोर बसून सगळ्यांसाठी एक करार करून घेण्याची ताकद त्यांच्याकडे नाही.

जायचं म्हटलं तर

आणि सोडून जायचं म्हटलं तर? २०१७ पासून विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा नियम असा आहे की कॅप्टनने वर्षभर आधी आणि फर्स्ट ऑफिसरने सहा महिने आधी नोटीस द्यावी. एवढ्या मुदतीची नोटीस आपल्याकडे क्वचितच कुठल्या नोकरीत असेल. शिक्षकाला एक किंवा तीन महिने पुरतात.

नियमाची दुसरी बाजूही पाहू. अकासा एअर ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाली. वर्षभरात तिचे ४३ पायलट नोटीस पूर्ण न करता निघून गेले. कंपनीला उड्डाणं रद्द करावी लागली आणि ती मुंबई आणि दिल्ली उच्च न्यायालयांत गेली. एक पायलट तयार करायला कंपनीला वेळ आणि पैसा लागतो. तो एका रात्रीत गेला तर तिकीट काढलेला प्रवासी अडकतो. कबूल केलेला शब्द पाळावा, हे आपल्या दीनचंही सांगणं आहे. तेव्हा रातोरात निघून जाण्याचं समर्थन मी करणार नाही.

पण करार दोन्ही बाजूंनी बांधतो. पवित्र कुरआनच्या सूरह कससमध्ये हजरत मूसा आणि मद्यनच्या बुजुर्गांचा करार येतो. मुदत आठ वर्षांची. दहा पूर्ण केली तर ती मूसांची मर्जी, सक्ती नाही. बुजुर्ग आधीच सांगतात की तुमच्यावर जड ओझं टाकायचा माझा इरादा नाही. मूसाही स्पष्ट करून घेतात की दोन्हींपैकी कोणतीही मुदत पूर्ण केली तरी पुढे माझ्यावर जबरदस्ती होणार नाही. मुदत, मोबदला, सुटका, तिन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी स्वच्छ. आपल्या पायलटांच्या बाबतीत सुटकेला एक वर्ष लागतं, आणि पगाराची रचना मात्र कंपनी मधेच बदलू शकते. वर्षभर जाता येत नाही अशा माणसासमोर कमी हमीचा कागद ठेवून 'मर्जी असेल तर सही करा' म्हणणं, यात मर्जी किती उरते? नोटीस वर्षाची ठेवायची असेल तर त्या वर्षात पगाराच्या अटी बदलणार नाहीत असंही बंधन हवं.

झोपेचा हिशेब

तिसरी गोष्ट विश्रांतीची. ती पगारपत्रकात दिसत नाही, पण प्रवाशाच्या जिवाशी तिचाच संबंध सर्वात जवळचा.

१२ फेब्रुवारी २००९ ला अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअर या छोट्या कंपनीचं विमान कोसळलं. ५० माणसं गेली. विमानावर नाव मोठ्या कॉन्टिनेंटल कंपनीशी जोडलेलं, पण पायलट छोट्या कंपनीचे आणि पगारही छोट्या कंपनीचा. तरुण सहवैमानिक आदल्या रात्री देशाच्या दुसऱ्या टोकावरून प्रवास करून ड्यूटीवर आली होती. कामाच्या शहरात घर घेणं परवडणारं नव्हतं, हे चौकशीच्या वेळी चर्चेत आलं. थकव्याचा नेमका वाटा किती हे तपासकर्त्यांना सांगता आलं नाही, पण तो होता असं त्यांनी नोंदवलं. त्यानंतर अमेरिकेने विश्रांतीचे आणि अनुभवाचे नियम कडक केले.

आपल्याकडे डीजीसीएने जानेवारी २०२४ मध्ये नवे नियम जाहीर केले. साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तास, रात्रीची व्याख्या पहाटे पाचऐवजी सहापर्यंत, रात्रीच्या काळात सहाऐवजी दोनच लँडिंग. कंपन्यांनी मुदत मागितली, पायलट संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. अखेर जुलै आणि नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत नियम लागू झाले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोचं वेळापत्रक कोसळलं. ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली. लग्नाची वऱ्हाडं, परीक्षार्थी, रुग्ण, सगळे विमानतळावर. तयारीला जवळपास दोन वर्षं मिळूनही कंपनीने पुरेसे पायलट ठेवले नव्हते. आणि सरकारने काय केलं? कंपनीला रात्रीच्या नियमांतून तात्पुरती सूट दिली. 'रजेचे दिवस साप्ताहिक विश्रांतीत धरू नयेत' हा नियमही मागे घेतला. आजारी पडून घेतलेली रजा हीच तुमची सुट्टी, असं कुठल्या शाळेत मुख्याध्यापक म्हणाले तर शिक्षक ऐकून घेतील का?

आखाताचा मोह

कोकणातल्या आपल्या घरांमध्ये आखात हे सगळ्या प्रश्नांचं उत्तर असतं. एमिरेट्ससारख्या कंपन्या करमुक्त पगार, राहायला घर किंवा घरभत्ता, मुलांच्या शाळेची फी, वैद्यकीय विमा, वर्षाची तिकिटं देतात. दोन्ही आकडे शेजारी ठेवले तर आखात उजवं दिसतंच. पण अमिरातीत कामगार संघटनेला जागा नाही आणि राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला असतो. २०२० मध्ये एमिरेट्सने शेकडो पायलटांना कमी केलं. नोकरी गेली की घर जातं, मुलांची शाळा जाते आणि काही आठवड्यांत सामान बांधावं लागतं. शिवाय तिथे बहुधा अनुभवी पायलट घेतात. नव्या लायसन्सवर लगेच दुबई हे स्वप्न एजंट विकतात, कंपन्या देत नाहीत.

पण त्यांना लाख मिळतात!

हा आक्षेप मला माहीत आहे. महाराष्ट्रात माध्यमिकच्या शिक्षण सेवकाला २०२३ पासून महिना १८,००० रुपये मानधन आहे. त्याआधी कित्येक वर्षं ते ८,००० होतं. अशा माणसाने लाखवाल्यांची वकिली का करावी?

कारण करारातला अन्याय रकमेवर ठरत नाही. हमी कापण्याची रीत जिथे संघटित, शिकलेली, दुर्मीळ कौशल्याची माणसं आहेत तिथे खपली, तर खाली ती कोण अडवणार? मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्सप्रेसच्या केबिन क्रूने सामूहिक आजारी रजा घेतली. तिथेही विलीनीकरण आणि बदललेल्या अटीच कारणीभूत होत्या. केबिन क्रूच्या खाली सामान चढवणारे कंत्राटी कामगार आहेत, त्यांची तर बातमीही होत नाही. आणि लाखांचा पगार कागदावर असणं वेगळं, हातात पडणं वेगळं. २०१२ मध्ये किंगफिशरच्या कर्मचाऱ्यांनी महिनोन्‌महिने पगाराविना काढले. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेज बंद पडली तेव्हा तिचे पायलट कित्येक महिन्यांच्या पगाराची वाट पाहत होते. मजुराचा घाम वाळायच्या आत मजुरी देण्याची प्रेषितांची शिकवण पगार मोठा असला म्हणून माफ होत नाही.

तर विचारायचं काय?

व्यावसायिक लायसन्ससाठी २०० तासांचं उड्डाण लागतं. शिरपूर, बारामती, गोंदिया, नागपूर इथे आपल्या राज्यातही त्याची सोय आहे. पण सगळा खर्च धरला तर अर्धा कोटी सहज लागतो, विशिष्ट विमानाचं प्रशिक्षण धरलं तर आणखी पुढे. कुणी जमीन विकतं, कुणी दागिने, कुणी मनाविरुद्ध व्याजाचं कर्ज काढतं. एवढी रक्कम घालण्याआधी आईबापांनी आणि मुलांनी पगाराच्या आकड्यापलीकडे विचारावं. हमीचे तास किती? विमानं उभी राहिली तर महिन्याला काय हातात येईल आणि त्यातून हप्ता निघेल का? विमानाच्या प्रशिक्षणाचा खर्च कुणाचा आणि त्याबदल्यात बाँड किती वर्षांचा? वैद्यकीय कारणाने लायसन्स गेलं तर कंपनीचा विमा किती देतो? बाळंतपणात काय मिळतं? आठवड्याची सुट्टी सलग किती तासांची? सोडायचं झालं तर किती दिवस आणि किती पैसे? दोन कंपन्यांची उत्तरं शेजारी लिहून काढा. महिन्याचा आकडा सर्वात शेवटी लिहा.

आणि ज्यांच्या घरात कुणी पायलट होणार नाही त्यांनीही पुढच्या वेळी 'पायलटांमुळे विमानं रद्द' असा मथळा दिसला तर पूर्ण बातमी वाचावी. हमी कुणी कापली, किती पायलट ठेवायला हवे होते आणि किती ठेवले, नियम कधी जाहीर झाला होता, एवढं तिच्यात शोधावं. उमराहला जाणारी आपली आई त्याच विमानात बसलेली असते. पुढे बसलेला माणूस झोप पूर्ण करून आला आहे की नाही, हे त्याच्या आणि कंपनीच्या करारात लिहिलेलं असतं.